अपोफिस: एका लघुग्रहाची कक्षा पक्की करायला लागलेली सतरा वर्षं

२००४ च्या डिसेंबरचा शेवटचा आठवडा म्हटलं की आपल्याला त्सुनामीच आठवते. २६ तारखेला सकाळी सुमात्राजवळ भूकंप झाला आणि मग अंदमान, तामिळनाडू, श्रीलंका, सगळीकडून आकडे यायला लागले. त्याच दोन-तीन दिवसांत अमेरिकेत जेपीएल या नासाच्या प्रयोगशाळेत आणि इटलीत पिसाला काही मोजकी माणसं एका वेगळ्याच आकड्याकडे बघत बसली होती. २००४ एमएन४ नावाचा एक लघुग्रह, तेव्हाच्या अंदाजाने ४०० मीटरच्या आसपासचा, १३ एप्रिल २०२९ ला पृथ्वीवर आदळायची शक्यता २.७ टक्के. म्हणजे ३७ मध्ये एक. टोरिनो स्केल म्हणून ० ते १० अशी धोक्याची पट्टी आहे, तिच्यावर हा ४ वर गेला होता, आणि त्याच्या आधी किंवा नंतर आजपर्यंत दुसरं काहीही ४ वर गेलेलं नाही. एरवी ही जगभर पहिल्या पानाची बातमी झाली असती, पण त्या आठवड्यात कोणाचं लक्ष असणार.

हाच तो अपोफिस. त्याच्यावर मराठीत जे काही फिरतं त्यात एकतर 'महाविनाश' असतो नाहीतर 'शास्त्रज्ञ घाबरवतात, काही होत नाही' असतो, आणि दोन्हीकडे मधली सगळी गोष्ट गायब. मला त्या मधल्या गोष्टीतच इंटरेस्ट आहे. दगड होता तिथेच होता, होता तसाच फिरत होता, बदलत होती ती फक्त आपली माहिती, आणि ती माहिती कधी मिळणार हेसुद्धा त्या दगडाच्या कक्षेनेच ठरवून टाकलं होतं. हे एकदा लक्षात आलं की पुढची सतरा वर्षं नीट समजतात.

आधी सापडला कसा ते बघू. १९ जून २००४ ला ॲरिझोनात किट पीक या डोंगरावरच्या वेधशाळेतून रॉय टकर, डेव्हिड थोलेन आणि फाब्रिझिओ बर्नार्डी या तिघांनी तो टिपला. दोन रात्री दिसला आणि मग हातातून गेला. नवीन लघुग्रहांच्या बाबतीत हे नेहमीचंच आहे, दोन रात्रींच्या निरीक्षणांवरून काढलेली कक्षा इतकी कच्ची असते की काही आठवड्यांनी आकाशात नेमकं कुठे बघायचं हेच सांगता येत नाही. मग १८ डिसेंबरला ऑस्ट्रेलियात सायडिंग स्प्रिंगहून गॉर्डन गॅराडला एक 'नवा' लघुग्रह दिसला, आणि हिशोब केल्यावर कळलं की हा जूनमधलाच. आता हातात सहा महिन्यांचा डेटा आला, त्यावरून कॉम्प्युटरने पुढच्या तारखा काढल्या आणि त्यात १३ एप्रिल २०२९ वर येऊन गाडी अडकली.

तारीख एप्रिलचीच का, तर त्याची कक्षा बघा. सूर्याभोवती त्याची एक फेरी ३२४ दिवसांत होते, आपल्यापेक्षा ४१ दिवस कमी. सूर्यापासूनचं अंतर पृथ्वीच्या अंतराच्या साधारण ०.७५ पट ते १.१ पट असं कमीजास्त होतं, म्हणजे शुक्राच्या कक्षेच्या जरा बाहेरपासून पृथ्वीच्या कक्षेच्या जरा बाहेरपर्यंत. कक्षेचा कल फक्त ३ अंशांच्या थोडा वर, जवळपास आपल्याच पातळीत. त्याच्या वाटेवरची एक जागा आपल्या वाटेला अगदी खेटून आहे आणि पृथ्वी त्या जागेवर दरवर्षी १२-१३ एप्रिलला असते. त्यामुळे त्याच्याबद्दल जेवढ्या म्हणून धोक्याच्या तारखा ऐकल्यात, २०२९, २०३६, २०६८, त्या सगळ्या एप्रिलच्या. प्रश्न एवढाच असतो की त्या दिवशी तोसुद्धा तिथे हजर असणार का.

आणि हा 'हजर' शब्द किती कडक आहे बघा. पृथ्वीचा व्यास १२,७४२ किलोमीटर आणि ती सेकंदाला जवळपास ३० किलोमीटर पळते, म्हणजे स्वतःच्या व्यासाएवढं अंतर ती सात मिनिटांत कापते. २५ वर्षांनंतरच्या सात मिनिटांच्या खिडकीत दगड येतोय का नाही, हे ठरवायचं. आता तुमच्या कक्षेत त्याच्या फेरीचा काळ समजा फक्त एका सेकंदाने चुकलाय. २००४ ते २०२९ मध्ये त्याच्या २८ फेऱ्या होतात, चूक झाली २८ सेकंदांची, आणि सेकंदाला ३० किलोमीटर धरले तर ८०० किलोमीटरहून जास्त. हे एका सेकंदाच्या चुकीचं. डिसेंबर २००४ मधली चूक याच्या कितीतरी पट मोठी होती. त्यामुळे २०२९ च्या त्या दिवशी तो एका ठिकाणी असेल असं म्हणताच येत नव्हतं, वाटेवरच्या लाखो किलोमीटर लांब पट्ट्यात कुठेतरी असेल एवढंच म्हणता येत होतं, आणि त्या पट्ट्यात पृथ्वीही होती.

आता लोक सगळ्यात जास्त गोंधळतात ती गोष्ट. २३ डिसेंबरला टोरिनो २, मग ४, मग टक्केवारी वाढत वाढत २.७. रोज नवीन निरीक्षणं येतायत आणि रोज धोका वाढतोय, म्हणजे दगड आपल्याकडे वळतोय का? तर अजिबात नाही. आपल्याकडे चक्रीवादळ येतं तेव्हा हवामान खात्याचा तो पुढे रुंद होत जाणारा पट्टा टीव्हीवर दाखवतात ना, निसर्गच्या वेळी कोकणात सगळ्यांनी पाहिलाय, तसंच हे. सुरुवातीला पट्टा मोठा असतो, त्यात गुजरातपासून रत्नागिरीपर्यंत सगळेच असतात. रोज पट्टा अरुंद होतो, आणि जोपर्यंत तुमचं गाव पट्ट्यात आहे तोपर्यंत गावाच्या वाट्याचा हिस्सा वाढतच जातो. मग एक दिवस पट्टा इतका अरुंद होतो की गाव बाहेर पडतं आणि शक्यता धाडकन शून्यावर येते. लघुग्रहांच्या बाबतीत जवळजवळ नेहमी हेच होतं, आधी चढ आणि मग एकदम कडा. २०२४ वायआर४ नावाच्या लघुग्रहाचं पण सेम झालं, १८ फेब्रुवारी २०२५ ला ३.१ टक्के, आणि आठवड्याच्या आत पृथ्वीपुरता धोका शून्याच्या जवळ. तेव्हा त्या संभाव्य पट्ट्यात अरबी समुद्र आणि दक्षिण आशिया होता म्हणून मुंबईचं नाव हेडलाईनमध्ये आलं होतं, आठवत असेल. चढ दिसतो तेव्हाच बातमी होते, कडा कोसळते तेव्हा आतल्या पानावर दोन ओळी. (वायआर४ चा आकडा अपोफिसपेक्षा जास्त असूनही तो ३ वरच राहिला, कारण टोरिनोत आकारही धरतात आणि तो ६० मीटरचा होता.)

अपोफिसची कडा कशी कोसळली हा या प्रकरणातला माझा सगळ्यात आवडता भाग आहे. नवीन टेलिस्कोप नाही, रडार नाही, जुने फोटो. स्पेसवॉच म्हणून एक सर्व्हे आहे, त्यांचा टेलिस्कोपही किट पीकवरच, म्हणजे जूनमध्ये शोध लागला त्याच डोंगरावर. त्यांच्या १५ मार्च २००४ च्या फोटोंमध्ये हा दगड आधीच येऊन गेला होता, पण इतका मंद की तेव्हा कोणाच्या नजरेत भरला नाही. आता कुठे बघायचं हे माहीत असल्यामुळे त्यांनी ते फोटो काढून नेमक्या त्या जागी शोधलं आणि सापडला. शोधाच्या तीन महिने आधीची जागा मिळाली, पहिल्या आणि शेवटच्या निरीक्षणामधला काळ सहा महिन्यांवरून नऊ महिन्यांवर गेला, फेरीचा काळ कितीतरी नेमका झाला आणि २०२९ च्या पट्ट्यातून पृथ्वी बाहेर पडली. २७ डिसेंबरला, म्हणजे ज्या दिवशी २.७ चा आकडा आला त्याच दिवशी. तेव्हा डेटा साठवून ठेवण्यावर खर्च कशाला असं कोणी विचारलं तर हे उदाहरण तोंडावर फेकावं.

आता इथे गोष्ट संपायला हवी होती, पण २०२९ मध्ये आदळणार नाही हे कळल्यावर दुसरा त्रास सुरू झाला. जानेवारी २००५ मध्ये पोर्टो रिकोतल्या अरेसिबोच्या ३०५ मीटरच्या डिशने रडार लावून त्याचं अंतर आणि वेग मोजला आणि कळलं की २०२९ ला तो आधी वाटलं होतं त्यापेक्षाही जवळून जाणार, भूस्थिर उपग्रहांच्या आतून. आदळणार नाही हे पक्कं, पण एवढ्या जवळून गेला की पृथ्वीचं गुरुत्वाकर्षण त्याची वाट चांगलीच वाकवणार, आणि किती वाकवणार हे तो नेमका किती अंतरावरून जातो त्यावर ठरणार. थोडा आत गेला तर जास्त वाकणार, थोडा बाहेर तर कमी. म्हणजे २०२९ च्या आधीची किलोमीटरभर चूक २०२९ नंतर फुगून प्रचंड होते.

यातूनच ते कीहोल प्रकरण आलं. २०२९ ला तो ज्या पातळीतून जाणार तिच्यात एक साधारण ६०० मीटर रुंदीची फट होती. नेमका त्या फटीतून गेला असता तर त्याची नवी फेरी अशी झाली असती की पृथ्वीच्या सात वर्षांत त्याच्या बरोब्बर सहा फेऱ्या, म्हणजे १३ एप्रिल २०३६ ला दोघं पुन्हा त्याच जागेवर आणि या वेळी थेट टक्कर. ६०० मीटर! आणि तेव्हा २०२९ मधली त्याची जागा आपल्याला शेकडो किलोमीटरच्या चुकीने माहीत होती. २००६ च्या सुमाराला २०३६ ची शक्यता ४५,००० मध्ये एक अशी धरली जात होती.

अपोलो ९ चे अंतराळवीर रस्टी श्वायकार्ट यांनी २००५ मध्ये नासाकडे मागणी केली की या लघुग्रहावर एक ट्रान्सपॉन्डर, म्हणजे रेडिओ सिग्नलला उत्तर देणारं यंत्र, पाठवून बसवा, म्हणजे त्याची कक्षा नेमकी कळेल आणि वाट बदलायचीच असेल तर २०२९ च्या आधीच बदलता येईल, कारण ६०० मीटरच्या फटीतून बाहेर ढकलणं सोपं, नंतर पृथ्वीच्या अख्ख्या व्यासातून बाहेर ढकलणं अशक्यच्या जवळ. तर्क एकदम बरोबर होता. नासाचं उत्तर थोडक्यात असं होतं की २०१३ पर्यंत थांबा. मला आधी हे टिपिकल सरकारी उत्तर वाटायचं. पण हिशोब मांडून बघितला की कळतं की त्या उत्तरात दम होता.

कसं ते सांगतो. त्याची फेरी ३२४ दिवसांची आणि आपली ३६५ ची, म्हणजे तो आपल्याला हळूहळू मागे टाकतो आणि पूर्ण एक फेरी पुढे जाऊन पुन्हा आपल्या शेजारी यायला त्याला पावणेआठ वर्षं लागतात. मधल्या काळात तो बहुतेक वेळा सूर्याच्या दिशेला, दिवसाच्या आकाशात, किंवा मग खूप लांब. टेलिस्कोप कितीही मोठा आणा, दिवसाउजेडी तो काय करणार. म्हणजे नीट बघता येईल असे मोसम ठरलेले: २००४ ते २००६, मग २०१२-१३, मग २०२०-२१, मग थेट २०२७ ते २०२९. आता धोके कधी कधी रद्द झाले ते बघा. २०२९ चा धोका गेला २००४ च्या शेवटी. २०३६ चा गेला २०१३ मध्ये. २०६८ चा गेला २०२१ मध्ये. प्रत्येक मोसमात एक. मधल्या वर्षांत जे काही व्हिडिओ, फॉरवर्ड, चर्चा झाल्या त्यांच्याकडे नवीन निरीक्षण असं फारसं नव्हतंच, असणं शक्यच नव्हतं.

२०१३ चं पटकन सांगतो. ९ जानेवारीला तो साधारण दीड कोटी किलोमीटरवरून गेला, कॅलिफोर्नियातल्या गोल्डस्टोनच्या रडारने मोजलं, बाकी टेलिस्कोपनी जागा दिल्या आणि १० जानेवारीला नासाने जाहीर केलं की २०३६ ची शक्यता दहा लाखांत एकपेक्षाही कमी, विषय बंद. त्या वर्षी तो प्रत्यक्षात पृथ्वीपासून साडेचार कोटी किलोमीटरच्या पलीकडेच राहणार आहे.

उरला २०६८, आणि तिथे आड आला सूर्यप्रकाश. गुरुत्वाकर्षणाचा हिशोब आपण फार छान करतो, सूर्य, ग्रह, चंद्र, मोठे लघुग्रह सगळे धरून. पण दगड उन्हात तापतो, त्याची तापलेली बाजू फिरून पुढे जाते आणि तिथून उष्णता बाहेर टाकताना दगडाला अगदी बारीकसा धक्का बसतो. याला यार्कोव्स्की परिणाम म्हणतात. दगड कुठल्या दिशेने फिरतोय त्यावर कक्षा मोठी होणार की लहान ते ठरतं. अपोफिस उलटा फिरतो, शिवाय गडगडत फिरतो, एका अक्षाभोवती सरळ नाही, त्यामुळे आधीच्या वर्षांत हा परिणाम थेट मोजताच आला नव्हता. २०२० मध्ये शोधकर्त्यांपैकीच थोलेन आणि त्यांच्या टीमने हवाईच्या सुबारू टेलिस्कोपवरून निरीक्षणं घेऊन तो पकडला: कक्षेची त्रिज्या वर्षाला साधारण १७० मीटरने कमी होतेय. पुढच्या मोजमापात हा आकडा २०० च्या जवळ गेला.

वर्षाला २०० मीटर म्हणजे काहीच नाही असं वाटतं, मलाही वाटलं होतं, म्हणून कागदावर ढोबळ आकडेमोड केली. कक्षा लहान झाली की फेरी किंचित लवकर संपते, आणि ही लवकर संपण्याची चूक दरवर्षी साठत जाते, वर्षांच्या वर्गाच्या पटीत. पहिल्या वर्षी वाटेवर तो किलोमीटरभर पुढे, आणि २५ वर्षांत साडेसहाशे किलोमीटरच्या आसपास पुढे. फट ६०० मीटरची आणि नुसत्या उन्हाने होणारा फरक त्याच्या हजारपट. आता कळतं की २००५ मध्ये कितीही कॉम्प्युटर लावले असते तरी उत्तर का निघालं नसतं. माहितीच नव्हती, गणित चांगलंच होतं.

मग मार्च २०२१. अरेसिबो तोपर्यंत नव्हतं, डिसेंबर २०२० मध्ये ती डिश कोसळली, आणि अपोफिस १ कोटी ७० लाख किलोमीटरवरून जाणार होता तो नेमका तीन महिन्यांनी. गोल्डस्टोनच्या ७० मीटरच्या अँटेनाने सिग्नल सोडला आणि देशाच्या दुसऱ्या टोकाला वेस्ट व्हर्जिनियात ग्रीन बँकच्या १०० मीटरच्या टेलिस्कोपने परत आलेला प्रतिध्वनी झेलला. फोटो म्हणायला काही ठिपके, एक पिक्सेल सुमारे ३९ मीटरचा, पण त्या अंतरावरून दगडाची जागा दीडशे मीटरच्या अचूकतेने मिळाली. त्याच महिन्यात हौशी आणि व्यावसायिक निरीक्षकांनी तो एका ताऱ्यासमोरून जाताना पडलेली त्याची सावलीही टिपली, तिथूनही फार नेमकी जागा मिळते. याचा परिणाम असा की २०२९ मधली अनिश्चितता शेकडो किलोमीटरवरून मोजक्या काही किलोमीटरवर आली. २०६८ ची शक्यता आधीच लाखात एकाहून कमी होती, ती पण गेली. मार्च २०२१ च्या शेवटी नासाने त्याला धोक्याच्या यादीतून काढून टाकलं आणि सांगितलं की पुढची किमान १०० वर्षं काळजी नाही.

आदळला असता तर काय, हा प्रश्न येतोच म्हणून थोडक्यात. आता त्याचा सरासरी आकार ३४० मीटर धरतात, लांबी त्याहून जास्त, भुईमुगाच्या शेंगेसारखा मधे दबलेला असावा असं रडारवरून दिसतं. टकरीची ऊर्जा हजार मेगाटनच्या वर गेली असती. लोणारचं सरोवर पाहिलं असेल तर ते १.८ किलोमीटर व्यासाचं विवर आहे, याचं विवर त्याच्यापेक्षा मोठं झालं असतं आणि आजूबाजूचे जिल्हे संपले असते. पण 'पृथ्वी नष्ट' वगैरे नाही, तो प्रकार याच्या आवाक्यातला नाही.

आता २०२९. शुक्रवार १३ एप्रिल, आंतरराष्ट्रीय वेळेनुसार रात्री ९:४६, म्हणजे आपल्या घड्याळात १४ तारखेची पहाट ३:१६, आंबेडकर जयंतीचा दिवस. जमिनीपासून अंतर ३१,६०० किलोमीटर, भूस्थिर उपग्रह असतात ३५,७८६ वर. सगळ्यात चांगला दिसेल युरोप, आफ्रिका आणि पश्चिम आशियातून, नुसत्या डोळ्यांनी. सप्तर्षीमधला सगळ्यात मंद तारा अत्री, साधारण तेवढा तेजस्वी, पण सरकताना दिसेल. एवढा मोठा दगड एवढ्या जवळून जाणं ही काही हजार वर्षांतून एकदा घडणारी गोष्ट समजतात. संयुक्त राष्ट्रांनी २०२९ हे लघुग्रहांबद्दल जागरूकतेचं वर्ष म्हणून जाहीर केलंय ते यामुळेच.

आणि तो दिवस उलटल्यावर आज पाठ असलेली त्याची कक्षा जुनी झालेली असेल. ३२४ दिवसांची फेरी सव्वाचारशेच्या आसपास जाणार, आत्तापर्यंत पृथ्वीपेक्षा लहान कक्षेच्या एटन गटात असलेला तो मोठ्या कक्षेच्या अपोलो गटात जाणार. शिवाय पृथ्वीच्या ओढीने त्याचं गडगडणं बदलणार, कदाचित पृष्ठभागावर थोडी घसरगुंडीही होईल. गडगडणं बदललं की उन्हाचा धक्का बदलणार, म्हणजे यार्कोव्स्कीचा इतक्या मेहनतीने काढलेला आकडा पुन्हा काढावा लागणार. म्हणून युरोपचं रॅमसेस यान आधी, फेब्रुवारी २०२९ मध्ये पोचून त्याच्याबरोबर जाणार आहे, आणि बेनू या दुसऱ्या लघुग्रहाची माती आणून दिलेलं नासाचं यान ओसायरिस-एपेक्स नावाने नंतर पोचणार आहे, एक 'आधी' बघणार आणि एक 'नंतर'. रॅमसेससाठी २०२८ च्या एप्रिलमध्ये उड्डाण व्हायलाच हवं, ती खिडकी चुकली तर दगड काही थांबणार नाही. जमिनीवरच्या टेलिस्कोपना तो २०२७ पासून पुन्हा दिसायला लागेल.